पाचव्या कॅसेटची दुसरी बाजू

आईला काचबिंदू आहे. थेंब चालू आहेत, पण गेलेली नजर परत येत नाही हे तिलाही माहीत आहे. समोरचं थोडं दिसतं, कडेचं दिसत नाही. मोबाइलची काच तिच्या उपयोगाची नाही. बोट कुठं टेकलं ते कळत नाही आणि टेकलं की भलतंच काहीतरी उघडतं. गेल्या गणपतीत मी चिपळूणला गेले होते. गौरी गेल्या, पाहुणे पांगले, घर शांत झालं, तेव्हा ती म्हणाली, "मला एक बटणांचं काहीतरी आणून दे गं. दाबलं की वाजलं पाहिजे. आणि त्यात अण्णांना भरून दे."

अण्णा म्हणजे माझे वडील. २०११ साली गेले. गावच्या भजनी मंडळात पस्तीसेक वर्षं गायले, पेटीही तेच धरायचे. मंडळ आमच्या ओटीवर बसायचं तेव्हा टेपरेकॉर्डर सतरंजीवर ठेवून कुणीतरी लाल बटण दाबायचं. अशा सात कॅसेटी उरल्या होत्या, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात, माळ्यावर. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी घरात शिरलं ते माळ्याच्या दोन पायऱ्या खाली थांबलं. टेपरेकॉर्डर गेला, अण्णांची पेटी गेली, लग्नाचा अल्बम चिखलात गेला. डबा तेवढा राहिला.

दुकानात गाणी भरून तयार असलेले प्लेअर हवे तितके मिळतात. आईला ती गाणी नको होती. तिला ओटीवरचं भजन हवं होतं आणि ते कुठल्याही कंपनीकडे नाही. मला वाटलं दोन शनिवार-रविवारचं काम आहे. सप्टेंबरात सुरू केलं ते डिसेंबरात संपलं.

आधी कॅसेट वाजवायला यंत्र हवं. पुण्यात जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. तिसऱ्या रविवारी एक डेक मिळाला. विकणाऱ्याने समोर लावून दाखवला, चक्रं फिरत होती. घरी आणल्यावर कळलं की आतला रबरी पट्टा सैल पडलाय. आमच्या गल्लीत मिक्सर-इस्त्री दुरुस्त करणारे एक काका आहेत, त्यांनी तो बदलून दिला आणि हेड, म्हणजे फितीवरचा आवाज वाचणारा भाग, कसा पुसायचा ते शिकवलं. काडीला कापूस गुंडाळायचा, त्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोलचे दोन थेंब, आणि कापसावर चॉकलेटी रंग यायचा थांबेपर्यंत हलक्या हाताने पुसत राहायचं. माझी नऊ बोंडं लागली.

पट्टा नवा घातला म्हणजे वेग बरोबर येतोच असं नाही. कॅसेटची फीत सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर सरकली पाहिजे. फिलिप्सने १९६३ साली कॅसेट आणली तेव्हापासूनचं हे माप. पण ते घरात बसून मोजणार कसं? अण्णांचा आवाज मला बारीक वाटत होता. इतक्या वर्षांनी ऐकतेय म्हणून तसं वाटत असेल अशी मी मनाची समजूत घातली. आईला फोनवर ऐकवलं. ती लगेच म्हणाली, "हे अण्णा नव्हेत. धाकटे काका गातायत असं वाटतंय."

शेवटी मंडळातल्या एका जुन्या काकांना फोन लावला. अण्णांनंतर पेटी त्यांनीच सांभाळली. ते म्हणाले, "अण्णा जन्मभर काळी एकमध्ये गायले. थांब हां." त्यांनी फोन पेटीशेजारी ठेवला आणि काळी एक दाबून धरली. एका कानाला तो सूर, दुसऱ्या कानाला डेकवरचे अण्णा. अण्णा एक पट्टी वर, पांढरी दोनला जाऊन बसले होते. पेटीवरची एक पट्टी म्हणजे वेगात साधारण ६ टक्क्यांचा फरक. डेकच्या मोटरला मागे एक बारीक भोक असतं, त्यात पेचकस घालून आतला स्क्रू अगदी किंचित फिरवायचा. मी फिरवत गेले आणि आवाज खाली उतरत गेला. भरत गेला. काका पलीकडे पेटीचा भाता मारत होते, मध्येच म्हणाले, "अजून जरा... अजून... हां, बस." दोन्ही कानांत एकच सूर आला त्या क्षणी अण्णा माझ्या खोलीत होते. मी पेचकस बाजूला ठेवला आणि ते भजन संपेपर्यंत काहीच केलं नाही.

तिसऱ्या कॅसेटची फीत पांढुरकी झाली होती, कोकणातल्या दमट हवेची बुरशी. मऊ कोरड्या कापडातून ती हाताने सरकवून पुसावी लागली, आणि त्यासाठी आख्खा रविवार गेला. सहाव्या कॅसेटमधला फितीला हेडशी टेकवून धरणारा नमद्याचा तुकडा गळून पडला होता, म्हणून आवाज कांबळं पांघरल्यासारखा येत होता. स्क्रूची दुसरी एक कॅसेट उघडून तिच्या सांगाड्यात अण्णांची फीत घातली. तेवढ्यावर ती नीट वाजली.

कॅसेटीला घाई चालत नाही. चार कॅसेटी ६० मिनिटांच्या, तीन ९० च्या. साडेआठ तास म्हणजे साडेआठ तास, ते तसेच ऐकत लॅपटॉपवर उतरवायचे. ऑफिसातून आले की जेवून बसायची. लॅपटॉपच्या भोकात माइकला मिळतो तसा कच्चा आवाज येतो म्हणून यूएसबीला लावायचं एक छोटं साउंड कार्ड घेतलं, ऑडॅसिटी नावाचं आवाज भरायचं सॉफ्टवेअर उघडलं आणि हेडफोन लावून एकेक बाजू भरत गेले. मिनिटाला १० एमबी या हिशेबाने सगळं मिळून ५ जीबी झालं. हे मूळ भरणं मी दोन ठिकाणी जपून ठेवलं. पुढे जे झालं त्यात ही एकच गोष्ट माझ्या हातून शहाणपणाची झाली.

तिसऱ्या कॅसेटवर एक जागा आहे. अभंग संपतो, झांजा थांबतात, कुणीतरी खोकतं. पखवाजवाला धुमाला, म्हणजे डाव्या तोंडाला, कणीक लावून थापटतोय तेही ऐकू येतं. मग अण्णा म्हणतात, "अगं, चहा ठेवलास का? दहा जण आहोत." आणि आतून, लांबून, आईचा आवाज येतो: "बारा आहात. मोजलंय मी." चाळिशीतली आई. मला ती जागा ऐकून पुन्हा मागे जावं लागलं, पुन्हा ऐकलं, पुन्हा मागे.

इथपर्यंतचं काम कष्टाचं होतं, पण ते माझ्या हातात होतं. काय बिघडलंय ते दिसायचं, पुसलं की स्वच्छ व्हायचं. खरा मनस्ताप सुरू झाला तो प्लेअर घरात आल्यावर.

पहिला प्लेअर दिसायला देखणा होता. त्याच्याबरोबर त्याचं सॉफ्टवेअर घ्यावं लागायचं, गाणी आधी त्या सॉफ्टवेअरच्या संग्रहात टाकायची आणि मग तो संग्रह प्लेअरशी जुळवून घ्यायचा. माझ्या फायली त्याने संग्रहात घेतल्या खऱ्या, पण त्यांना नाव-गाव नाही म्हणून सगळ्या एकाच ढिगात टाकल्या. भाच्याच्या लॅपटॉपला तो जोडून पाहिला, तर हा प्लेअर दुसऱ्या संग्रहाचा आहे, यातलं सगळं पुसून नव्याने भरू का, असं विचारायला लागला. नशिबाने मी समोर होते. चिपळूणला आईजवळ बसून शेजारच्या कुणी "हो" दाबलं असतं तर? स्वतःच्या घरातला आवाज स्वतःच्या यंत्रात ठेवायला तिसऱ्याची परवानगी का घ्यायची, याचा मला तेव्हा इतका संताप आला की दुसऱ्याच दिवशी तो परत पाठवला.

दुसरा साधा आणला. कॉम्प्युटरला जोडला की पेनड्राइव्हसारखा दिसणारा, पाच ठसठशीत बटणं, वरच्या बाजूला कार्डाची खाच. तोही जोडल्यावर दिसेना. दीड तास मी लॅपटॉपला दोष देत बसले. केबलमध्ये खोट होती. काही केबलींमध्ये फक्त वीज नेणाऱ्या दोन तारा असतात, माहिती नेणाऱ्या दोन तारा घातलेल्याच नसतात, आणि बाहेरून दोन्ही केबली हुबेहूब सारख्या. प्लेअर चार्ज होत होता म्हणून मला शंका आली नाही. कार्डाचंही तसंच. ६४ जीबीचं घेतलं ते या प्लेअरला वाचता येईना, कारण ती मोठी कार्डं एक्सफॅट पद्धतीने आखलेली येतात आणि याला फक्त फॅट-३२ कळतं. ३२ जीबीचं आणलं. खरं तर अण्णा सगळे मिळून अर्ध्या जीबीत मावले असते. १२८ केबीपीएसच्या एमपीथ्रीला मिनिटाला जेमतेम १ एमबी लागतो.

फायली टाकल्या, सुरू केला, आणि पडद्यावर चौकोन. मी सगळी नावं देवनागरीत दिली होती: रूपाचा अभंग, गौळण, भैरवी. प्लेअरमध्ये देवनागरी अक्षरंच नव्हती, म्हणून प्रत्येक अक्षराच्या जागी एक रिकामी चौकट. फाईलची नावं रोमनमध्ये केली, तर आता टॅग, म्हणजे फाईलच्या आत लिहिलेली गाण्याची माहिती, दिसायला लागले आणि तिथे आणखी विचित्र चित्र. डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ए, त्याच्यापुढे चार पाय फुटलेलं एक वर्तुळ, मग काहीतरी, मग पुन्हा तोच ए, पुन्हा तेच वर्तुळ. ओळभर तेच. यामागचं कारण शोधायला एक रात्र गेली. युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचं असतं आणि पहिला बाइट सगळ्यांचा सारखाच असतो. ज्या यंत्राला ही पद्धत कळत नाही ते प्रत्येक बाइट वेगळं युरोपीय अक्षर समजून छापतं. म्हणून तो ए प्रत्येक अक्षराच्या दाराशी उभा. एमपीथ्रीच्या जुन्या टॅगमध्ये गाण्याच्या नावाला ३० बाइट ठेवलेले आहेत. इंग्रजीची ३० अक्षरं त्यात बसतात, आपली १०, आणि त्यात काना-मात्राही वेगळ्या मोजायच्या. 'रूपाचा अभंग' लिहिताना शेवटचा ग बाहेर राहतो.

टॅग पुसून टाकले. आता पडद्यावर स्वच्छ इंग्रजीत आलं: अननोन आर्टिस्ट. अननोन अल्बम.

रात्रीचे साडेबारा वाजले होते. अण्णा गात होते आणि त्यांच्या आवाजाखाली 'अनोळखी कलाकार' असं सरकत होतं. आईला ते वाचता येणार नव्हतं, मला येत होतं. हे यंत्र बनवणाऱ्यांच्या डोक्यात गाणं म्हणजे कुणीतरी अनोळखी माणसाने गायलेलं, विकलेलं, छापील नावाचं गाणं एवढंच असतं. कलाकार, अल्बम, वर्ष, प्रकार अशा चौकटी असतात. प्रकारांची जी मूळ यादी आहे तिच्यात ८० नावं आहेत, ब्लूजपासून सुरू होणारी. भजन त्यात नाही. ओटीवर बसून बारा माणसांनी म्हटलेलं, चहाच्या आधीचं आणि चहाच्या नंतरचं, असल्या गोष्टीला चौकटच नाही. मी त्र्याऐंशीच्या त्र्याऐंशी फायलींमध्ये कलाकाराच्या रकान्यात रोमन लिपीतली चार अक्षरं भरली, ए, एन, एन, ए. अल्बमच्या रकान्यात 'ओटी'. मग झोपले.

त्र्याऐंशी का, तेही सांगायला हवं, कारण पुढची चूक त्यात आहे. हा प्लेअर बंद करून चालू केला की मध्यावर थांबलेली फाईल पुन्हा पहिल्यापासून लावायचा. पाऊण तासाची आख्खी बाजू एकाच फाईलमध्ये ठेवली असती तर आईला रोज तेच पहिलं भजन ऐकावं लागलं असतं. म्हणून मी बाजू कापून एकेक अभंग वेगळा केला. कापताना जिथे गाणं नव्हतं ते सोडून दिलं. खोकणं, भांड्यांचे आवाज, पेटी सरकवणं, लांबलचक शांतता. शांतता ओळखून काढून टाकायची सोय सॉफ्टवेअरमध्येच आहे. एक बटण दाबलं की ठरावीक पातळीखालचं सगळं जातं. मला वाटलं मी साफसूफ करतेय.

दापोलीच्या मावशीने मध्येच गौरीची गाणी म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली, आईसाठी. ती ओपस नावाच्या प्रकारात येतात, प्लेअरला कळत नाहीत, तीही बदलून घेतली. मावशीच्या मागे कोंबडा आरवतो, तो मात्र राहू दिला.

दिवाळीत चिपळूणला गेले. पाडव्याला सकाळी आंघोळ करून आई ओटीवर बसली, मी तिच्या हातात प्लेअर दिला, बोट धरून बटणं दाखवली. मधलं मोठं ते चालू-बंद. उजवं पुढे, डावं मागे. वर-खाली आवाज. तिने पाच मिनिटांत सगळं पाठ केलं, आंधळ्या कोशिंबिरीत करतात तसं डोळे मिटून. मग चालू केला.

अण्णा गायला लागले. आईचा हात मांडीवर ताल धरायला लागला. एक संपलं, दुसरं लागलं, आणि तिचा हात थांबला.

"ही भैरवी आहे."

"हो."

"भैरवी आत्ताच कशी? अजून रूपाचा अभंग नाही झाला."

मी पुढचं लावलं. गौळण. तिच्यापुढे पुन्हा दुसऱ्याच दिवसाची भैरवी. तिच्या पुढचं जय जय रामकृष्ण हरी, म्हणजे जिथून बैठक सुरू होते ते. आई काही बोलली नाही, पण तिचं मन त्यात बसेना हे मला दिसत होतं. भजनाला क्रम असतो. आधी गजर, मग रूपाचा अभंग, मग एकेक पायरी वर चढत गौळणी, आणि भैरवी झाली की माणसं उठतात. आमच्याकडे लहानपणी भैरवी ऐकू आली की आम्ही चपला शोधायला लागायचो. तिला कुणी सारखं उठवून पुन्हा बसवत होतं.

मी फायलींना नावं क्रमाने दिली होती, ०१, ०२, ०३. लॅपटॉपवर त्या अगदी ओळीत दिसत होत्या. मग हे असं का? भाच्याने आणि मी मिळून त्या दुपारी शोधून काढलं. कार्डावर प्रत्येक फोल्डरची एक वही असते असं समजा. फाईल आली की वहीत पुढच्या ओळीवर तिची नोंद होते. कॉम्प्युटर ती वही वाचतो आणि आपल्याला नावांच्या क्रमाने लावून दाखवतो. हा प्लेअर लावून घेत नाही, वहीत जशी ओळ तसं वाजवत जातो. नावात ०१ लिहा नाहीतर ९९, त्याला देणंघेणं नाही. मी फायली चार-पाच संध्याकाळी, जशा तयार होतील तशा टाकल्या होत्या. भैरव्या छोट्या, त्या आधी कापून झालेल्या, म्हणून त्या आधी पोचल्या. एवढंच कारण. त्याच्या पुस्तिकेत याबद्दल एक ओळ नाही. इतकी साधी गोष्ट, आणि ज्याला ती माहीत नाही तो माणूस आपण काहीतरी चुकतोय असं समजून जन्मभर नावं बदलत बसेल.

संध्याकाळी आई म्हणाली, "आणि चहाचं कुठंय?"

मला आधी कळलंच नाही.

"तिसऱ्या कॅसेटीवर आहे. दहा जण म्हणतात ते. मी ऐकत बसले होते कधी येतंय म्हणून. अभंग संपला आणि एकदम दुसराच सुरू झाला."

मी तिला खरं सांगितलं की ते मी कापलं. ती रागावली नाही. "अगं, अभंग काय, देवळात गेलं तरी ऐकायला मिळतात," एवढंच म्हणाली. थोड्या वेळाने म्हणाली, "आणि पाऊस?"

पाचव्या कॅसेटच्या दुसऱ्या बाजूला शेवटी पाऊस आहे. हे मला आठवतच नव्हतं आणि उतरवताना त्या रात्री मी हेडफोन काढून भांडी घासायला गेले होते. भैरवी झाली, मंडळी उठली, टेपरेकॉर्डर बंद करायचं कुणाच्या लक्षात आलं नाही, आणि फीत संपेपर्यंत तो ओटीवर पडून ऐकत राहिला. आईने ती बाजू अण्णा असताना, नसताना, कितीदा तरी शेवटपर्यंत चालू ठेवली होती. ती सगळी कॅसेट तिच्या डोक्यात होती, माझ्या सॉफ्टवेअरने मात्र त्यातली ११ मिनिटं शांतता म्हणून उचलून टाकली होती.

पुण्याला परत येऊन मूळ भरणं उघडलं. या खेपेला कापताना एकच नियम ठेवला, की काहीही टाकायचं नाही. प्रत्येक तुकडा आधीच्या तुकड्याला जिथे संपला तिथूनच सुरू. खोकणं आधीच्या अभंगाच्या शेपटीला, पेटी सरकवणं पुढच्याच्या डोक्याला. खरखर कमी करण्याची सोयही वापरली नाही, कारण वापरून पाहिल्यावर खरखरीबरोबर झांजांची झळाळी जात होती. चहाच्या जागेची वेगळी फाईल केली, २६ सेकंदांची. म्हणजे आईला बटण दाबून नेमकी तिथे जाता येईल.

ती नवी फाईल मी घाईघाईत आधीच्याच कार्डावर टाकून बघितली आणि ती भलत्याच ठिकाणी, गौरीच्या गाण्यांच्या मधोमध वाजली. कारण पुन्हा तेच. त्या फोल्डरातल्या दोन फायली मी आदल्या दिवशी पुसल्या होत्या. पुसलेल्या फाईलची ओळ वहीत मोकळी राहते आणि नव्याने आलेली फाईल तिथे जाऊन बसते. त्या दिवशी मी लॅपटॉप मिटला आणि दोन दिवस त्याच्याकडे पाहिलं नाही. फार थकले होते. एका म्हाताऱ्या बाईला तिच्या नवऱ्याचा आवाज ऐकायचाय, एवढ्या साध्या मागणीपुढे हे असं सगळं आडवं का यावं, हा प्रश्न मला अजूनही पडतो.

मग जे केलं ते इथे नीट लिहिते, कुणाच्या उपयोगी पडेल. कार्ड पूर्ण फॉरमॅट केलं, फॅट-३२ मध्ये, म्हणजे वही कोरी झाली. लॅपटॉपवर सात कॅसेटींचे सात फोल्डर आधी पूर्ण तयार केले, आठवा मावशीचा. मग रिकामे फोल्डर कार्डावर क्रमाने बनवले आणि त्यांत फायली एकेक करून टाकल्या. सगळ्या निवडून ओढल्या नाहीत. ०१ टाकली, ती पोचली हे बघितलं, मग ०२. वहीतल्या ओळी नावांप्रमाणे लावून देणारे छोटे प्रोग्रॅम मिळतात, ते मला नंतर कळलं, पण हाताने टाकण्यात एक समाधान होतं. एकही फाईल मध्ये चुकली असती तर पुसून दुरुस्त करायची नाही, पुन्हा फॉरमॅट करून पहिल्यापासून, हे ठरवून बसले होते. तशी वेळ एकदा आली. चौथ्या फोल्डरात. पुन्हा पहिल्यापासून टाकल्या.

मध्ये मी एक डोकं चालवलं होतं. आईला पडदा दिसत नाही म्हणून प्रत्येक कॅसेटच्या आधी माझ्या आवाजात "आई, ही तिसरी कॅसेट" असं भरून ठेवलं. फोनवर तिला ऐकवलं. ती म्हणाली, "छान आहे गं, पण तू मध्ये नको बोलूस. मला कळतं." काढून टाकलं.

क्रमात एकच बदल केला, तोही तिला विचारून. पाचव्या कॅसेटची दुसरी बाजू तिच्या जागेवरून उचलून सगळ्यात शेवटी नेली, मावशीच्याही नंतर. तिची अट होती की पावसानंतर दुसरं काही लागायला नको. प्लेअर पुन्हा पुन्हा वाजवायच्या सेटिंगवरून काढून एकदाच वाजवायच्या सेटिंगवर ठेवला.

डिसेंबरात, नाताळच्या सुट्टीत तो घेऊन गेले. आईने सकाळी गजरापासून लावला. मी स्वयंपाकघरात नारळ खवत होते. रूपाचा अभंग झाला, त्यानंतरचा झाला, ती मध्येच उठून देवाला फुलं वाहून आली. तिसऱ्या कॅसेटपर्यंत यायला दुसऱ्या दिवसाची दुपार झाली. चहाची जागा आली तेव्हा मी मुद्दाम बाहेर गेले नाही. आतून ऐकलं. "बारा आहात. मोजलंय मी." मग डावं बटण दाबल्याचा बारीक टक् असा आवाज, आणि पुन्हा अण्णा, "अगं, चहा ठेवलास का?"

तिसऱ्या रात्री शेवटचं फोल्डर आलं. आई अंथरुणावर, प्लेअर उशीशी, दिवा बंद. मी शेजारच्या खाटेवर जागी होते, कारण सेटिंग नीट बसलंय की नाही याची मला खात्री नव्हती. भैरवी झाली. माणसं उठली, चपलांची सरसर, कुणीतरी "येतो हां अण्णा" म्हणालं. पेटीचा भाता मिटून खिट्टी लागल्याचा आवाज. मग कौलांवरचा पाऊस. बाहेर डिसेंबरचं कोरडं आभाळ, वरती तीच कौलं. आईचा श्वास लांबत गेला. अकरा मिनिटं मी छोट्या पडद्याच्या उजेडाकडे बघत होते. फीत संपल्याचा खट् आवाज आला, आणि मग पडदा विझला.